लहान मुलांची तापातील आकडी : समज, गैरसमज आणि प्रथमोपचार

पावसाळा सुरू झाला की आपल्या धामापूर परिसरात घराघरांत सर्दी, खोकला आणि ताप मुक्कामाला येतात. मोठ्या माणसांचे तापाने अंग मोडून येते आणि दोन-चार दिवसांत ती पुन्हा कामाला लागतात. लहान मुलांच्या बाबतीत मात्र कधी कधी वेगळाच प्रसंग ओढवतो. तापाने फणफणलेले दीड-दोन वर्षांचे मूल एकाएकी डोळे पांढरे करते, त्याची दातखिळी बसते, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, ओठ काळेनिळे पडतात. हाक मारली तरी ते ओळख देत नाही. ‘झिलाक आकडी इली’ अशी हाक वाडीत जाते आणि क्षणात दहा माणसे गोळा होतात. कोणी कांदा फोडून नाकाला लावतो, कोणी दातांत चमचा घालतो, कोणी पाणी पाजू पाहतो. आईला तर आपले मूल गेलेच असे वाटते.

वास्तविक या आकडीने सहसा मुलाच्या जिवाला धोका नसतो. धोका असतो तो घाबरलेली माणसे त्या दोन-तीन मिनिटांत जे करतात त्यात, आणि नंतर तापाचे कारण शोधण्यात होणाऱ्या दिरंगाईत. म्हणून या विषयाची शास्त्रीय माहिती प्रत्येक घरात असणे आवश्यक आहे.

ही आकडी म्हणजे काय?

मेंदूचे काम सूक्ष्म विद्युत संदेशांवर चालते. लहान मुलाचा मेंदू वाढीच्या अवस्थेत असतो. काही मुलांमध्ये ताप आला असता हे संदेश काही काळ एकदम व अनियंत्रितपणे सुटू लागतात आणि सर्व शरीराला झटके येतात. हीच तापातील आकडी. ती साधारणपणे सहा महिने ते पाच वर्षे या वयात, अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असताना येते. शंभर मुलांपैकी सुमारे दोन ते पाच मुलांना ती केव्हा ना केव्हा येते. म्हणजे ज्या अंगणवाडीत चाळीस मुले आहेत, तेथील एक-दोघांना हा अनुभव येऊ शकतो.

आई-वडील किंवा भावंडे यांना लहानपणी अशी आकडी आली असेल, तर मुलाला येण्याची शक्यता अधिक असते. बऱ्याच वेळा ताप चढत असतानाच आकडी येते; मुलाला ताप आहे हे घरच्यांना आकडीमुळेच कळते. त्यामुळे ‘आईने लक्ष दिले नाही, वेळेवर औषध पाजले नाही’ असा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. ताप उतरवण्याचे औषध मुलाला बरे वाटावे म्हणून द्यायचे असते. ते वेळेवर दिले म्हणजे पुढच्या तापात आकडी येणारच नाही, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही.

आकडी आली असता काय करावे?

बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. धामापूरच्या एखाद्या वाडीतून गाडी मिळवून मालवण किंवा कुडाळ गाठेपर्यंत मुलाची आकडी बहुधा थांबलेली असते. म्हणजेच प्रथमोपचार करणारा माणूस हा डॉक्टर नसून त्या वेळी घरात असलेली आजी, आई किंवा शाळकरी भावंड असते. त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. प्रथम घड्याळ पाहावे. आकडी किती वाजता सुरू झाली हे लक्षात ठेवावे. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते, म्हणून अंदाजावर विसंबू नये.

२. मुलाला जमिनीवर, चटईवर किंवा घडी घातलेल्या गोधडीवर एका कुशीवर वळवावे. त्यामुळे लाळ, फेस किंवा उलटी बाहेर पडते व श्वासनलिकेत जात नाही.

३. चूल, पाट, विळी, खाटेची कड अशा इजा होण्याजोग्या वस्तू दूर कराव्यात. गळ्याजवळचे कपडे, काळा दोरा, टोपीचे बंद सैल करावेत.

४. गर्दी हटवावी आणि हवा खेळती ठेवावी.

५. झटके दोन्ही अंगांना आहेत की एकाच बाजूला, डोळे कोणीकडे वळले आहेत, हे पाहून ठेवावे. डॉक्टर हेच प्रथम विचारतात. जमल्यास दुसऱ्या कोणी मोबाइलवर चित्रण करून ठेवावे.

आकडी थांबल्यावर मूल थकून झोपते. ते पुरते शुद्धीवर येईपर्यंत त्याला कुशीवरच ठेवावे व जवळ बसून राहावे.

काय करू नये?

तोंडात बोट, चमचा, कापडाचा बोळा काहीही घालू नये. मूल जीभ गिळते हा गैरसमज आहे. जीभ गिळता येत नाही. जबरीने घातलेल्या चमच्याने दात तुटतात, हिरड्या फाटतात आणि तुटलेला दात श्वासनलिकेत अडकू शकतो. आकडी चालू असताना पाणी, दूध, औषध, अंगारा कालवलेले तीर्थ यांपैकी काहीही पाजू नये. मुलाला गिळता येत नसते, त्यामुळे ते थेट फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवून, हातात किल्ल्या देऊन आकडी थांबत नाही. ती आपल्या वेळेला थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. अंगावर गार पाणी ओतणे, बर्फ चोळणे, ताप असताना गोधड्यांत गुंडाळणे हेही टाळावे.

दृष्ट काढणे, भगताकडे नेणे यांत जो वेळ जातो तो मुलाच्या उपचाराचा वेळ असतो. आणखी भयंकर प्रकार म्हणजे डाग देणे व मिरच्यांची धुरी देणे. भूत उतरवण्याच्या नावाखाली तापलेल्या वस्तूचे चटके देणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हे प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहेत. आपल्या वाडीत कोणी असे करू पाहत असेल, तर शिकलेल्या मुलामुलींनी पुढे होऊन थांबवले पाहिजे.

रुग्णालयात केव्हा न्यावे?

आकडी पहिल्यांदाच आली असेल, तर ती थांबून मूल खेळू लागले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पाच मिनिटे होऊनही झटके थांबत नसतील, तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. ती येण्यास वेळ लागणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने मालवण, कुडाळ किंवा ओरोसच्या रुग्णालयाकडे निघावे आणि वाटेतही मुलाला कुशीवर ठेवावे.

पुढील लक्षणे दिसल्यास विशेष सावध राहावे : मूल सहा महिन्यांहून लहान आहे, झटके एकाच बाजूला आहेत, चोवीस तासांत पुन्हा आकडी आली, तासाभरानंतरही मूल नीट जागे होत नाही किंवा आईला ओळखत नाही, मान ताठ आहे, टाळू फुगली आहे, सारखी उलटी होते, अंगावर लाल-जांभळे डाग आहेत, श्वास घ्यायला त्रास होतो किंवा ओठ निळेच राहतात.

ही सावधगिरी का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा या गावी १९६५ साली तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला आणि त्याला गावाचेच नाव मिळाले. वाळूमाशीच्या चाव्याने पसरणाऱ्या या विषाणूने २००३ साली आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात अनेक बालकांचे बळी घेतले. २०२४ साली गुजरातमध्येही त्याची साथ आली. या आजाराची सुरुवातही ताप आणि झटके यांनीच होते. पण मूल शुद्धीवर येत नाही आणि काही तासांतच बेशुद्धी वाढत जाते. मेंदुज्वराचे इतर प्रकार, मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया हेही असेच फसवतात. साध्या आकडीनंतरचे मूल थोडी झोप झाली की रडते, आईला बिलगते, दूध मागते. मेंदूच्या आजारातील मूल तसे करत नाही. हा फरक घरातल्या प्रत्येकाने मनावर ठसवून घ्यावा.

पुढे काय?

एकदा आकडी आलेल्या तीन मुलांपैकी सुमारे एकाला पुढच्या एखाद्या तापात ती पुन्हा येते. पहिली आकडी वर्षाच्या आत आली असेल, तर ही शक्यता आणखी वाढते. बहुतेक मुलांमध्ये पाच-सहा वर्षांनंतर ती कायमची बंद होते.

‘मूल मंद होईल का? पुढे मिरगी जडेल का?’ हे प्रश्न पालकांना रात्रंदिवस छळतात. १९७० सालच्या एप्रिलमधील एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी तापात आकडी आलेली ३८१ मुले दहाव्या वर्षी बुद्धी, वागणूक आणि शाळेतील अभ्यास यांत इतरांच्या बरोबरीने होती. साधी आकडी आलेल्या मुलांना पुढे मिरगी होण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन, म्हणजे इतर मुलांपेक्षा किंचितच अधिक असते. म्हणून अशा मुलाला, आणि विशेषतः मुलीला, ‘फिटवाली’ असा शिक्का मारू नये. शाळा, खेळ, लसीकरण यांपैकी काहीही बंद करू नये.

ताप असताना अंगावर सुती, सैल कपडे ठेवावेत. पेज, सरबत, अंगावरचे दूध असे पातळ पदार्थ वारंवार द्यावेत. पॅरासिटामॉलचे प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चार वेळांपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलास एका वेळी १५० मिलिग्रॅमपर्यंत पुरते. बाजारात कमी व जास्त शक्तीच्या बाटल्या असतात, म्हणून लेबल वाचूनच औषध मोजावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आल्यास घरी औषध न देता डॉक्टरांकडेच न्यावे. ज्या मुलाला वारंवार किंवा लांबलेली आकडी येते, त्याच्या पालकांना डॉक्टर नाकात फवारण्याचे मिडाझोलॅम देऊन ठेवतात. ते कसे व केव्हा वापरायचे हे त्यांच्यासमोरच शिकून घ्यावे.

आपल्याकडे अनेक घरांत कमावते माणूस मुंबईला असते आणि लहान मूल आजीच्या स्वाधीन असते. म्हणून विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. या लेखातील चार गोष्टी, म्हणजे घड्याळ पाहा, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांनी १०८ लावा, एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घराच्या भिंतीवर लावा. आजीला वाचता येत नसेल, तर एखादी उशी घेऊन तिला कुशीवर वळवणे करून दाखवा. शिक्षणाचा उपयोग आपल्याच घरातील तान्ह्या जिवाला व्हावा, याहून मोठे समाधान ते कोणते?