आईची जपमाळ कोणाकडे?

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला की घरोघर दिवंगत वडीलधाऱ्यांच्या तिथी पाहिल्या जातात. सवाष्णपणी निवर्तलेल्या मातेचे श्राद्ध अविधवा नवमीस होते. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचे स्मरण सर्वपित्री अमावास्येस केले जाते. या निमित्ताने दूरदूरची भावंडे एकत्र येतात, आणि पंगत उठल्यावर वर्षभर कोणी न काढलेला विषय निघतो : आईच्या पेटीचे काय करावयाचे?

घरदार व दागिने यांच्यासाठी कायदा आहे. मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या स्त्रीच्या मालमत्तेत मुलगे, मुली व पती यांना १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने सारखा हक्क दिला आहे. परंतु झिजलेली तुळशीची माळ, हळदीचे बोट लागलेली पोथी, चष्म्याचे घर, दोन जुनी लुगडी यांचे समान भाग कोणता कायदा पाडणार? बाजारात ज्यांना कवडीही येणार नाही, अशाच वस्तूंवरून सख्ख्या भावंडांत अबोला येतो.

आमच्या मते येथे एकच कसोटी लावावी : ही वस्तू कोणाच्या हाती गेली असता तिचे काम पुढे चालू राहील? जो जप करील त्याची माळ. जो वाचील त्याची पोथी. विवाहात गौरीहर पुजून आईने माहेराहून आणलेली अन्नपूर्णा व बाळकृष्ण कडीकुलपात ठेवू नयेत. कुलाचार पाहून, जिच्या देवघरी त्यांना नित्य फूल व नैवेद्य मिळेल, त्या लेकीच्या वा सुनेच्या स्वाधीन करावीत. लुगड्यांची गोधडी शिवावी. नातवंडांस आजीची ऊब मिळेल. मोडीतील जुने कागद कोणास लागत नसतील, तर ते वाळवीस वा नदीस अर्पण न करता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेतील जाणत्यांस दाखवावेत. हे मंडळ १९१० पासून अशाच कागदांचे जतन करीत आले आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पिंडदान मुलाने केले, म्हणून पेटीची किल्ली त्याच्या एकट्याची होत नाही. लेकीला सर्वांच्या शेवटी विचारण्याची रीत आपण आता सोडावी. आजारपणात जिने आईची वेणीफणी केली, तिने एक फणी मागितली तर ती हट्ट करते असे कोणी म्हणू नये.

श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला आहे. माळेसाठी भांडून दिलेल्या तिलांजलीने कोणती आई तृप्त होईल, याचा विचार यंदा नवमीपूर्वीच व्हावा.