तांब्याचें पाणी आणि तांबडे झिंगे

आमच्या भागांतील आठवडी बाजारांत वाळलेल्या झिंग्यांच्या टोपल्या ज्या बाजूस मांडलेल्या असतात, त्या बाजूनें आमच्या घरच्या बायका आजवर नाकाला पदर लावूनच गेल्या आहेत. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटींत धाकट्या पुतण्यानें वर्ध्याच्या आमच्या घरीं झिंगे पाळण्याचा मनोदय बोलून दाखविला, तेव्हां माजघरांत कांहीं वेळ कोणी बोलेना. "खायचे नाहींत, नुसते पाहावयाचे आहेत," असा त्यानें खुलासा केला. थोरल्या काकूंनीं अखेर परवानगी दिली. मात्र पेटी ओसरीवरच राहील, स्वयंपाकघराची पायरी चढणार नाहीं, ह्या अटीवर.

हे झिंगे बाजारांतले नव्हत. नागपुराहून आणलेले हे 'चेरी' जातीचे. शास्त्रीय नांव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळ वस्ती पूर्व चीन व तैवानकडील गोड्या पाण्यांत. तेथें त्यांचा रंग मातकट असतो; कुंकवासारखा तांबडा रंग हा माणसानें पिढ्यान् पिढ्या निवड करून आणलेला आहे. लांबी फार तर इंच-सव्वा इंच. आपल्याच नदींतले झिंगे कां नकोत, असें कोणी विचारील. त्यांतील पुष्कळसे मॅक्रोब्रॅकियम ह्या कुळांतले. त्यांना बळकट चिमटे असतात, आणि कात टाकून मऊ पडलेल्या भाईबंदाला खाण्यास ते मागेंपुढें पाहात नाहींत. चेरीचें सारें आयुष्य शेवाळ खरवडण्यांत जातें. वैष्णव म्हणावा इतका हा प्राणी निरुपद्रवी आहे.

काचेच्या पेटींत पाण्याचा तोल राखतां येतो, हें लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्या पेटींत मासे होते, पाणवनस्पति होती, आणि कुजकीं पानें खाणाऱ्या गोगलगाई होत्या. पण ह्या तोलांतले खरे कामकरी डोळ्यांना दिसत नाहींत. जलचरांच्या मलापासून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचें नायट्राइट करितात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट. पहिलीं दोन विषें आहेत, तिसरें बरेंचसें निरुपद्रवी. ही वस्ती जमावयास महिना-दीड महिना लागतो. जुन्या पेटींतील स्पंजाचा तुकडा आणून टाकला, तर विरजण लावल्याप्रमाणें काम लवकर होतें. आमच्या चाळीस लिटरांच्या पेटींत पांच आठवडे नुसतें पाणी, वाळू व शेवाळ होतें, आणि येणारा प्रत्येक पाहुणा "मासे कोठें आहेत?" म्हणून विचारी.

पाणी आमच्याच विहिरीचें. ज्या जड पाण्यांत तुरीची डाळ शिजत नाहीं म्हणून आपण कुरकुरतों, तें झिंग्यांना मानवतें. कवच बनविण्यास त्यांना चुना लागतो. टाकलेली कात पांढरी, हुबेहूब झिंग्यासारखी दिसते. पहिल्या खेपेस मुलांनीं तिला मेलेला झिंगा समजून आकांत केला. ती काढूं नये. चुन्यासाठीं तेच ती खातात. अन्नाचें म्हणाल तर उकडलेल्या पालकाचें एक पान किंवा देशी बदामाचें वाळलेलें पान पुष्कळ झालें. एकत्र कुटुंबांत ह्या प्राण्यांना उपासमारीचें भय नसतें. येतांजातां प्रत्येकानें कौतुकानें टाकलेली चिमूट मात्र पाणी नासवून टाकते. आमच्याकडे दुसऱ्याच आठवड्यांत खाऊची डबी कुलपांत गेली.

माघांत पुतण्या परीक्षेसाठीं परगांवीं गेला. एव्हांना काकूंचा राग निवळला होता. दुपारच्या वेळीं जपाची माळ घेऊन त्या पेटीपाशींच बसत. पाणी थोडें आटलेलें दिसलें, तेव्हां त्यांनीं घरांतलें सर्वांत शुद्ध पाणी, देवघरांतील तांब्याच्या हंड्यांत रात्रभर ठेवलेलें, पेटींत ओतलें. सायंकाळीं झिंगे सैरावैरा पोहूं लागले. सकाळीं बारांतले आठ उताणे पडले होते. काकू त्या दिवशीं जेवल्या नाहींत.

ह्यांत विपरीत असें कीं, झिंग्याच्या रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें द्रव्यच तांब्याचें असतें. आपल्या रक्तांत जें काम लोखंड करितें, तें त्याच्या रक्तांत तांबें करितें, आणि म्हणून तें निळसर असतें. परंतु पाण्यांत विरघळलेलें तांबें कल्ल्यांना लागतें व तो प्राणी दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेनें माणसाच्या पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें दोन मिलिग्रॅम तांबें चालेल असें ठरविलें आहे. लहान झिंग्यांना त्याचा अल्पसा अंशही घातक होतो. माशांच्या कांहीं औषधांत मोरचूद असतो. तींही ह्या पेटींत नकोत. आर्वी-कारंज्याकडे संत्र्याच्या बागा असणाऱ्यांनीं बोर्डो मिश्रणाचे हात धुतल्याशिवाय पाण्याला लावूं नयेत.

उरलेल्या चौघांवर मग उन्हाळा आला. वर्ध्याचा वैशाख वाचकांस सांगावयास नको. पारा पंचेचाळिसाच्या पुढें जातो. वीस अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें नऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, पस्तिसांत सातच. तिशीच्या पुढें चेरीचे हाल होऊं लागतात. बर्फ टाकण्याची सूचना आली. एकाएकीं पाणी गार करणें हेंही मारकच. उपाय काकूंना सुचला. माठाला गुंडाळतात तसें ओलें फडकें त्यांनीं पेटीच्या तीन बाजूंस गुंडाळलें, वरचें झांकण काढविलें आणि पाण्यावरून वारा जाईल असा पंखा लावविला. बाष्पीभवनानें पाणी तीन-चार अंश उतरलें. दिवसांतून पांच वेळां फडकें त्या स्वतः भिजवीत. ज्येष्ठांत एका मादीच्या पोटाखालीं पिवळसर अंडीं दिसलीं. पुढें साधारण चार आठवड्यांनीं तांदळाच्या कणीएवढीं, पण अंगानें पूर्ण झिंगे असलेलीं पिलें शेवाळांत फिरूं लागलीं. आतां मोजदाद होत नाहीं.

संख्या वाढली तेव्हां शेजारच्या मुलानें जास्तीचे पवनारला धाम नदींत सोडण्याची कल्पना काढली. तीस आम्हीं साफ नकार दिला. परक्या पाण्यांतला जीव आपल्या नदींत रुजला, तर कोणाचें अन्न हिरावील व कोणता रोग नेईल, हें सोडल्यावर कळून उपयोग नसतो. जास्तीचे दोन ओळखीच्या घरीं गेले आहेत.

ओसरीवर पावसाचें गाळलेलें पाणी भरून एक माठ वेगळा ठेवला आहे. विहिरीच्या पाण्यानेंच भर घातली तर आटण्यानें क्षार वाढत जातात. झांकणीवर खडूनें 'झिंग्यांचें' असें काकूंच्या अक्षरांत लिहिलेलें आहे, आणि त्यांत दुसऱ्या कोणीं पेला बुडविलेला त्यांस चालत नाहीं.