एसीचे पाणी, भिंतीची बुरशी

एसीखालच्या भिंतीवर आधी पिवळसर डाग दिसतो. मग रंगाला पोपडे सुटतात आणि काही दिवसांत तिथे काळे-हिरवे ठिपके उमटतात. अनेक घरांत यावरचा उपाय ठरलेला असतो: एसीखाली बादली आणि दिवाळीला रंगाचा नवा हात. डाग झाकला जातो. बुरशी मात्र आत वाढत राहते. तिचा खरा त्रास भिंतीला नव्हे, फुफ्फुसांना होतो.

पाणी येते कुठून?

एसी खोली थंड करताना हवेतील बाष्पही काढून घेतो. थंड कॉइलवर त्या बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या ट्रेमध्ये जमते आणि ड्रेन पाइपने बाहेर पडते. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत दीड टनाच्या एसीतून तासाला लिटरभर किंवा त्याहून अधिक पाणी निघू शकते. पाइपमध्ये धूळ आणि चिकट थर साचला किंवा पाइपला पुरेसा उतार नसला, की हेच पाणी ट्रेमधून ओसंडून भिंतीत मुरते. फिल्टर धुळीने भरला किंवा गॅस कमी झाला तर कॉइलवर बर्फ धरतो. एसी बंद केल्यावर तो वितळतो आणि गळती सुरू होते.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतातच. प्लायवूड, वॉलपेपर, कपडे, भिंतीवरची धूळ हे त्यांचे खाद्य. फक्त ओल मिळायची खोटी! ओली झालेली वस्तू 24 ते 48 तासांत कोरडी केली तर बुरशी बहुधा धरत नाही. त्यामुळे ‘पुढच्या रविवारी बघू’ हे इथे परवडत नाही.

सर्दी की ॲलर्जी?

सतत शिंका, नाक चोंदणे, डोळ्यांना खाज, रात्रीचा कोरडा खोकला ही लक्षणे सर्दीची समजून औषधे बदलली जातात. घराबाहेर असताना बरे वाटणे आणि त्या खोलीत परतल्यावर त्रास वाढणे, ही महत्त्वाची खूण आहे. डॉक्टरांना ती आवर्जून सांगावी. दम्याच्या रुग्णांना बुरशीमुळे झटका येऊ शकतो. लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्या खोलीत झोपवू नये.

सफाई कशी करावी?

आधी गळती बंद करावी. नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. डाग साधारण 10 चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर घरी साफ करता येतो. एन-95 मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा घालावा, खिडकी उघडावी, पंखा बंद ठेवावा. सुकी बुरशी झाडूने झाडू नये. बीजाणू घरभर उडतात. डिटर्जंटच्या पाण्याने भिंत घासून ओल्या फडक्याने पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. ब्लीचने वरचा डाग जातो, पण प्लायवूडच्या आत ते पोहोचत नाही. शिवाय मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी देतात. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरमधील ॲसिड कधीही एकत्र करू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशी धरलेली गादी, उशी, फुगलेले प्लायवूड टाकून देणेच बरे. प्लास्टर पोकळ वाजत असेल तर ते खरवडून, भिंत वाळल्यावरच रंग द्यावा.

पुन्हा होऊ नये म्हणून

एसी रोज चालत असेल तर फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी धुवावा. उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यात ट्रे व ड्रेन पाइप साफ करून घ्यावा. एसी सुरू करताच कुबट वास आला तर आतल्या ब्लोअरवरही बुरशी असू शकते. तेव्हा फक्त फिल्टर धुऊन भागत नाही. खोलीतील आर्द्रता 60 टक्क्यांखाली राहावी. ती मोजणारे छोटे यंत्र बाजारात सहज मिळते. पावसाळ्यात एसीचा ‘ड्राय मोड’ उपयोगी पडतो. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवले तर मागे हवा खेळती राहते आणि ओल लवकर नजरेसही पडते.