समुद्राचा दोर आणि साताऱ्याचा मुलूख

फलटणच्या बाजारात दावी-कासरे घ्यावयास गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती आज अंबाडीच्या वाखाचा किंवा घायपाताचा दोर क्वचितच पडतो. त्याची जागा नायलॉनने केव्हाच घेतली आहे. असाच, किंबहुना याहून दूरगामी, पालट समुद्रावरही घडला असून त्यात सह्याद्रीच्या अलीकडच्या आपल्या जिल्ह्याचा वाटा आहे, ही गोष्ट अभिमानाने नमूद करण्याजोगी आहे. तासगावात जन्मलेले आबासाहेब गरवारे यांच्या उद्योगसमूहातून १९७६ साली ‘गरवारे-वॉल रोप्स’, म्हणजे आजची ‘गरवारे टेक्निकल फायबर्स’, ही कंपनी निघाली. तिचा एक कारखाना कृष्णाकाठी वाईस असून तिची जाळी आणि दोर कोकणच्या मच्छीमारांपासून परदेशांतील मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांपर्यंत पोहोचतात.

वानस्पतिक तंतूचा मूळ दोष असा की तो पाणी पितो, भिजून जड होतो, आणि ओलाच गुंडाळून ठेवला तर सूक्ष्म जंतू त्यातील सेल्युलोज खाऊन त्यास आतून पोकळ करतात. म्हणून दोर वाळवीत बसण्याची दगदग जुन्या खलाशांना चुकत नसे. कृत्रिम तंतूंच्या दीर्घ रेणुशृंखला त्या जंतूंना सहसा पचत नाहीत. मात्र हाच अक्षयपणा समुद्रात हरवलेल्या जाळ्यास वर्षानुवर्षे मासे आणि कासवे अडकवीत ठेवतो, म्हणून जीर्ण जाळी बंदरावरच जमा करून घेण्याची पक्की तजवीज झाली पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

समुद्रजलाची घनता सुमारे १.०२५, तर पॉलिप्रॉपिलीनची ०.९१, साहजिकच त्याचा दोर तरंगतो आणि बुडणाऱ्यास फेकावयास उत्तम ठरतो, पण उन्हातील अतिनील किरणांनी तो ठिसूळ होतो, यास्तव त्यात संरक्षक द्रव्ये मिसळावी लागतात. १.१४ घनतेचे नायलॉन बुडते, ओले झाल्यावर काही बळही गमावते, परंतु ते असे लांबते की लाटेचा हिसका नांगरावर एकदम न येता दोरातच जिरतो.

गोठ्यात नायलॉनचे दावे कापल्यावर त्याचे टोक काडीने पेटवतात, तेव्हा तंतू वितळून एकजीव होतात आणि पेड उसवत नाहीत. जहाजावर मात्र फिरत्या लोखंडी पिंपावर दोर घसरला तर नुसत्या घर्षणाच्या उष्णतेनेही तो वितळू लागतो. त्याहून भयंकर म्हणजे ताणलेले नायलॉन तुटण्याचा क्षण, कारण त्यात साठलेली सारी शक्ती एकाएकी मोकळी होऊन तुटका शेवट वाटेतील माणसाचे पाय मोडीत परत येतो. यासाठीच ताणाच्या दोराजवळ उभे राहण्यास खलाशांना सक्त मनाई असते, आणि जेथे हिसका सोसण्याचे कारण नाही तेथे कमी लांबणारे पॉलिएस्टर वापरणेच इष्ट ठरते.