कापडाच्या बिलात न दिसणारा खर्च

टोकावड्याच्या दुकानात तागा उलगडला की गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारते : रंग टिकेल का आणि भाव काय? या कापडासाठी कोळसा किती जळाला, हे कोणी विचारत नाही. इतकी वर्षे कापड विकून मीही कधी विचारले नव्हते.

हिशेब मांडून पाहू. आपला बराचसा माल भिवंडीचा. तेथे विणण्याआधी सुताला सायझिंगमध्ये खळ लावून वाळवतात. त्याला वाफ लागते. वाफेसाठी बॉयलरमध्ये कोळसा किंवा लाकूड जळते. यंत्रमाग विजेवर चालतो, आणि देशातील सुमारे पाऊण वीज कोळशाची आहे. अशा एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. रंगाई-धुलाईला पुन्हा गरम पाणी लागते. उरलेले रंगीत पाणी शुद्ध न करता सोडले, तर ते नाल्यातून नदीला मिळते. माळशेजच्या पायथ्याकडून आपली काळू नदी निर्मळ येते. पण ती ज्या उल्हास नदीला मिळते, तिची कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातील दशा सर्वांना ठाऊक आहे.

काही अर्थशास्त्री म्हणतात, देश गरीब असताना उद्योग वाढले की प्रदूषण वाढते. पुढे देश श्रीमंत झाला की ते कमी होते. ही गोष्ट अर्धीच खरी आहे. 1952 च्या डिसेंबरात कोळशाच्या धुराने लंडनमध्ये हजारो माणसे दगावली. 1956 मध्ये कायदा झाला, तेव्हा धुराला लगाम बसू लागला. नुसत्या पैशाने हवा साफ झाली नाही. शिवाय श्रीमंत देशांनी घाण करणारे पुष्कळ धंदे गरीब देशांकडे सरकवले. कापड त्यांच्या अंगावर, धूर आपल्या छातीत!

यात मीही निर्दोष नाही. एका रंगाई कारखान्यामागचा लाल नाला मी डोळ्यांनी पाहिला आणि मीटरमागे दोन रुपये वाचतात म्हणून माल तेथूनच उचलला. ते दोन रुपये माझा नफा नव्हता. नदीकाठच्या माणसाच्या खिशातून गेलेला तो पैसा होता.

व्यापारी बंधूंनो, वाफेच्या नळ्यांना आवरण घालणे आणि वाफेचे गरम पाणी पुन्हा बॉयलरला देणे, एवढ्यानेही इंधन वाचते. असे करणाऱ्याचा आणि पाणी शुद्ध करून सोडणाऱ्याचा माल थोडा महाग पडला तरी आधी घ्यावा. आपण विचारू लागलो, तरच कारखानदार ऐकेल.