मऊ चामड्यातली ऊब

केदारकंठ्याच्या वाटेवर, गुडघाभर बर्फात, कुणाच्या तरी बुटाचा तळ अख्खाच्या अख्खा सुटतो. बूट फारसा वापरलेलाही नसतो. एखादा ट्रेक झाल्यावर तो पुसून, खोक्यात घालून बोईसरच्या घरात माळ्यावर जपून ठेवलेला असतो, आणि हे जपणंच त्याला भोवतं. ट्रेकिंगच्या पुष्कळ बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा थर असतो. त्याच्या काही प्रकारांना हवेतलं बाष्प हळूहळू तोडत जातं. रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात. उष्ण आणि दमट हवेत ते लवकर होतं, आणि पालघरच्या किनाऱ्यावर ऊन आणि दमटपणा दोन्ही भरपूर. वरचं चामडं धड दिसत असतं, आतला तळ मात्र भुसभुशीत झालेला असतो. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी तळाच्या कडा अंगठ्याने जोरात दाबून पाहाव्यात, बूट घालून दोन-तीन दिवस गावात चालावं. भुसा निघाला, भेग दिसली, तर तळ बदलून घ्यावा. चामड्यावर बुरशी आली असेल तर ती पुसता येते. तुटलेला तळ बर्फात जोडता येत नाही.

बुटाला मारलं ते ओलाव्याने, आणि हिवाळ्यात पायाचा शत्रूही तोच असतो. थंडीसाठी पादत्राण करायचं म्हणजे आधी पाण्याचा विचार करायचा, असं माझं ठाम मत आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. कोरडा लोकरी मोजा ऊब देतो, कारण त्याच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते. तोच मोजा भिजला की हवेची जागा पाणी घेतं आणि पायातली उष्णता बाहेर जाऊ लागते. हे पाणी नेहमी बाहेरूनच येतं असंही नाही. दोन्ही पावलांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी आहेत. चढावर चालताना त्या थांबत नाहीत, बाहेर बर्फ असला तरी नाही.

भातलावणीच्या दिवसांत पायाला होणाऱ्या चिखल्या आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. सतत ओल्यात राहिलेली कातडी पांढरी पडते, बोटांच्या बेचक्यांत फुटते. तीच ओल थंड असेल आणि पाय तासन्‌तास तिच्यात राहिला, तर इजा कातडीखालच्या शिरा आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचते. पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या राहिलेल्या हजारो सैनिकांचे पाय असे गेले. त्यासाठी पारा शून्याखाली जावा लागत नाही. हिमदंशाची भीती सगळ्यांना असते, या दुसऱ्या इजेची फार कुणी धरत नाही.

पायाच्या बोटांत स्नायू नगण्य. त्यांची ऊब येते ती रक्तातून. शरीर गारठलं की ते आधी हातापायांच्या शिरा आकसून छाती-पोटाची ऊब राखतं. अशा वेळी बूट घट्ट असेल तर उरलेलं रक्तही बोटांपर्यंत पोहोचत नाही. दोन जाड मोजे घालून पाय कसाबसा कोंबलेला बूट एक मोजा घातलेल्या सैल बुटापेक्षा गार पडतो, तो यामुळे. दुकानात मात्र आपण घट्ट बसणाऱ्या बुटालाच चांगला म्हणतो.

थंड प्रदेशांतल्या लोकांना कोरडेपणाचं आणि सैलपणाचं हे गणित फार पूर्वी उमगलं होतं. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत 2008 साली सापडलेला बूट सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा. गाईच्या एकाच कातड्याचा, वादीने आवळलेला आणि आत गवत भरलेला. 1991 साली आल्प्समधल्या हिमनदीत सापडलेल्या ओत्झी या प्राचीन माणसाच्या बुटाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा, वरचा भाग हरणाच्या कातड्याचा, आणि आत झाडाच्या सालीच्या दोरांची जाळी. जाळीत वाळलेलं गवत. उत्तर स्कँडिनेव्हियातले सामी लोक रेनडिअरच्या केसाळ कातड्याचे बूट करत आणि मोज्याऐवजी कुटून मऊ केलेलं वाळकं गवत पायाभोवती गुंडाळत. रात्री गवत काढून वाळवायचं, सकाळी परत भरायचं. तळाचे दोन तुकडे ते असे जोडत की केसांच्या दिशा एकमेकींविरुद्ध याव्यात. मग बर्फावर पाय ना पुढे घसरे, ना मागे. अंटार्क्टिकात कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतल्या माणसांनी हेच गवत भरलेले बूट वापरले.

शिवणीची कमाल मात्र आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट बायकांची. त्यांचे बूट सीलच्या कातड्याचे. टाका कातड्याच्या निम्म्या जाडीतूनच जायचा, आरपार नाही, म्हणजे पाणी शिरायला भोक उरत नसे. धागा प्राण्याच्या स्नायुबंधाचा. तो ओला झाला की फुगतो आणि शिवण आणखी बुजते. चर्मकलेच्या कुठल्याही शाळेत हा टाका शिकवला गेला पाहिजे.

कॅनडातल्या क्री लोकांनी मूस या मोठ्या हरणाच्या कातड्याचे मऊ बूट केले. त्यांना टाच नाही, कडक तळ नाही, आत लोकरीचे थर. पाऊल मोकळं वाकतं, स्नायू काम करत राहतात, रक्त खेळतं आणि घामाची वाफ चामड्यातून बाहेर जाते. पण हे बूट कोरड्या थंडीचे. उणे दहाच्या खाली बर्फ पिठासारखा कोरडा असतो, बुटावरून झटकला की पडतो. शून्याच्या आसपासच्या चिखलट बर्फात तेच चामडं पाणी पितं. लडाखचा पारंपरिक पाबू, म्हणजे लोकरी कापडाचा वरचा भाग आणि चामड्याचा तळ, लेहच्या कोरड्या हिवाळ्यात शोभतो. मार्चमधल्या मनालीच्या विरघळत्या बर्फात तो घालू नये. मऊ चामड्याचा बूट करायला घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: थंडी कोरडी की ओली?

आता चामड्याकडे येऊ. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर ताठ होतं. कमावल्यावर त्याचे तंतू टिकाऊ होतात, आणि तेल मुरवल्यावर ते एकमेकांवरून सरकतात. मऊपणा येतो तो त्या सरकण्यातून. आपल्याकडचा जुना रस्ता वनस्पतींचा: हिरडा आणि बाभळीची साल. ऐनाच्या सालीतही चामडं कमावणारं टॅनिन भरपूर, आणि जव्हार-मोखाड्याच्या जंगलात ऐन आहे. असं कमावलेलं चामडं घट्ट, आकार धरणारं, तळासाठी उत्तम. मात्र ते ओलं असताना शेकोटीपाशी ठेवलं तर आकसतं, तडकतं. क्रोमने कमावलेलं चामडं उकळत्या पाण्यातही बऱ्यापैकी टिकतं आणि मऊही लवकर होतं, म्हणून आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचं आहे. क्री लोकांची रीत तिसरी. कातड्याला प्राण्याचा मेंदू चोळून मग धूर द्यायचा. धुरातली द्रव्यं तंतूंना धरून बसतात, आणि असं कातडं भिजून वाळलं तरी चोळल्यावर पुन्हा मऊ पडतं.

तारापूरच्या माणसाने या रसायनांचा हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये तारापूर सर्वांत प्रदूषित ठरलं. खाडीत काय सोडलं जातं ते इथल्या मच्छीमारांना जाळ्यात दिसतं. क्रोमचं सांडपाणी नीट न हाताळणाऱ्या टॅनरीचं स्वस्त चामडं मला स्वस्त वाटत नाही. युरोपीय संघाने 2015 पासून कातडीला लागणाऱ्या चामड्यात घातक षट्‌संयुजी क्रोमियमची मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्या गिऱ्हाइकानेही दुकानात हे विचारावं.

आणि कारागीर? ते महाराष्ट्रात आहेत. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. खरी कोल्हापुरी वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची, खिळ्याशिवाय, चामड्याच्या वादीने शिवलेली असते. अंगठ्यामुळे ती जाड मोज्यावर चालत नाही, ती उन्हाळ्याच्या देशाचीच चप्पल आहे. पण रापी आणि आरी चालवणारा तो हात हिवाळ्याचा बूट का करू शकणार नाही? 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि मूळ कारागिरांचं नाव कुठे आहे, असा सवाल उठला. सवाल रास्त होता. त्याच कारागिरांना नवं काम देणं हे त्याचं मला सुचणारं सर्वांत भरीव उत्तर.

माझ्या मनातला बूट साधा आहे. वरचा भाग म्हशीच्या किंवा शेळीच्या मऊ, तेल मुरवलेल्या चामड्याचा, घोट्याच्या वर चार बोटं. टोकाशी बोटं हलतील इतकी जागा. आत काढता-घालता येणारं लोकरी अस्तर. दख्खनी मेंढीची घोंगड्याची लोकर भरड असते, पण दोन थरांमध्ये ती छान चालेल. तळाखाली जाड नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा थर, कारण उभं राहिल्यावर लोकर दबते, हवा निघून जाते आणि जमिनीचा गारठा सरळ वर येतो. नमदा दबत नाही तितका. सगळ्यात खाली पातळ, खाचांचा रबरी तळ, कारण नुसतं चामडं बर्फावर घसरतं. पोलाद कुठेच नको. तारापूरच्या कारखान्यात मिळणारे सेफ्टी शूज घालून कुणी बर्फात जात असेल तर त्याला थांबवा; ते बर्फासाठी केलेले नसतात.

अशा बुटाला गिऱ्हाईक फक्त ट्रेकर नाही. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. तिथे डिसेंबरच्या पहाटे फरशी पायाला चावते आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या टाचा फुटतात. त्यांना रबरी तळ नको, नुसता नमदा आणि मऊ चामडं पुरे. सातपाटीसारख्या बंदरात बर्फ फोडणाऱ्याला मात्र हा बूट अजिबात नको, कारण तिथे सारं ओलं. त्याला गमबूट आणि आत बदलायला कोरड्या मोज्यांचे दोन जोड हवेत. मधुमेह्यांनी तर सैलपणाकडे आणि आतल्या शिवणींकडे फार लक्ष द्यावं. बधिर पायाला शिवण टोचलेली कळत नाही आणि जखम वाढत जाते.

कारागिराकडे जाल तेव्हा संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. ज्या मोज्यांवर बूट घालायचा तेच मोजे घालून, पूर्ण वजन टाकून कागदावर दोन्ही पावलांची रेघ काढून घ्या. डावा आणि उजवा पाय सारखा नसतो. पंजाचा आणि चवड्याचा घेर सुतळीने मोजा. फर्मा, म्हणजे बूट बेतायचा साचा, त्या मापाहून सैल ठेवायला सांगा, आणि अस्तर सुटं हवं हे दोनदा सांगा, म्हणजे रोज रात्री ते काढून वाळवता येईल.