आधी काय झाले होते?

उभयान्वयी अव्यय दोन शब्दांना किंवा दोन वाक्यांना जोडते, हे आपण शाळेत शिकलो. मग एखादे गाणेच 'आणि', 'मग' किंवा 'तरी' या शब्दाने सुरू झाले, तर तो शब्द कुणाला कुणाशी जोडतो? पुढची ओळ ऐकू येते. मागची कुठे आहे?

'जर' आणि 'जरी' यांचे सोपे आहे. त्यांची जागाच वाक्याच्या आरंभी असते. त्यांचे जोडीदार 'तर' आणि 'तरी' नंतर येतात, आणि तोवर ऐकणारा थांबतो. गझल लिहिणाऱ्याला ही सोय फार उपयोगी पडते. शेराच्या पहिल्या ओळीत 'जरी' ठेवला, की दुसऱ्या ओळीची ओढ आपोआप लागते.

'मग' आणि 'आणि' यांची तऱ्हा वेगळी. त्यांची नजर मागे असते. ज्ञानेश्वरी उघडून पाहा. दुसरा, तिसरा, पाचवा, सहावा आणि आठवा हे अध्याय 'मग' या शब्दाने सुरू होतात. व्याकरणात 'मग' क्रियाविशेषण असले, तरी इथे त्याचे काम जोडण्याचेच आहे. नवव्याचा पहिला शब्द 'तरी' आहे, आजच्या 'तर'सारखा. श्रोते समोर बसले आहेत, बोलणे चालू आहे, अध्याय बदलला तरी धागा तुटलेला नाही, एवढे त्या एका शब्दात कळते.

पण ज्ञानेश्वरीत मागचा अध्याय तरी असतो. सुरेश भटांच्या एका प्रसिद्ध गीताचा पहिला शब्दही 'मग' आहे, आणि त्याच्या मागे काहीच छापलेले नाही. आधी काय घडले, हे ऐकणाऱ्याने आपल्या आयुष्यातून भरायचे. इंग्रजीतही असे उदाहरण आहे. विल्यम ब्लेकने 'मिल्टन' या काव्याच्या प्रस्तावनेत, 1804 च्या सुमारास, एक छोटी कविता घातली. तिचा पहिला शब्द 'अँड', म्हणजे 'आणि'. ह्यूबर्ट पॅरी यांनी 1916 मध्ये तिला चाल दिली, आणि आज इंग्लंडमध्ये ती जवळजवळ राष्ट्रगीतासारखी गातात.

इथे हिंदी गाण्यांबाबत एक खबरदारी घ्यावी. 'रोटी कपडा और मकान' या 1974 च्या चित्रपटात महेंद्र कपूर यांचे एक गाणे 'और'ने सुरू होते. तो 'और' म्हणजे 'आणि' नव्हे, 'आणखी' आहे. चित्रपटाच्या नावातला 'और' मात्र जोडणारा. शब्द एकच, काम वेगळे.

आमचे शिवरे भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर. या जिल्ह्यातल्या खेड्यांत बायका पहाटे जात्यावर बसत. एकीने ओवी धरली, की दुसरी ती उचलून पुढे नेई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या गाण्याला खरा आरंभ नसतोच. आई गात होती, तिच्या आधी आजी गात होती. तिथे 'आणि' तोंडाने म्हणावा लागत नाही, पण तो असतो.

म्हणून हा विषय मला नुसता व्याकरणाचा वाटत नाही. कविसंमेलनात माझी ओळख करून देताना अनेकदा म्हटले जाते, "हे मुसलमान आहेत, पण मराठीत लिहितात." म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. तरीही त्या 'पण'ने दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. तो डोळ्यांसमोर ठेवला, तर 'पण'ला जागाच उरत नाही. तिथे 'आणि' हवा.

रेडिओवर किंवा कुठे लग्नघरी असे गाणे कानावर पडले, तर पहिला शब्द सोडून देऊ नका. 'मग' म्हणजे कशानंतर, 'आणि' म्हणजे कशाच्या जोडीला, एवढे स्वतःला विचारून पाहा. तुमचे उत्तर शेजाऱ्याच्या उत्तराहून वेगळे निघेल, आणि गाणे मात्र दोघांचे राहील.